'नड्वल' : एका भूवाचक शब्दाचा अर्थ आणि त्याचा उपयोग

संस्कृत कोशवाङ्मयात जमिनीचे वर्णन करणारे शब्द विपुल आहेत. त्यांतील काही मराठीत रुळले, काही कोशातच राहिले. 'नड्वल' हा दुसऱ्या वर्गातील शब्द होय. नड म्हणजे बोरूच्या जातीचे, पोकळ कांड्याचे, पाण्याकाठी वाढणारे उंच तृण. हे तृण जेथे दाट माजलेले असते ते ठिकाण नड्वल. आधुनिक कोशांत या शब्दाला साधारणपणे तीन नोंदी मिळतात. नडयुक्त असे विशेषण, नडांचे बेट असे नाम, आणि चाक्षुष मनूच्या पत्नीचे विशेषनाम अशा त्या नोंदी आहेत. त्या शेजारीशेजारी असल्या तरी त्यांचा परस्परसंबंध काय, हा शब्द जमिनीचा आहे की पाण्याचा की वनस्पतीचा, याचा उलगडा कोशावरून होत नाही. परिणामी अनुवादक 'दलदल' या सोयीच्या शब्दाकडे वळतो. हा पर्याय कितपत योग्य आहे, याचा विचार शब्दाच्या प्रत्यक्ष उपयोगांच्या आधारे करणे आवश्यक आहे.

व्युत्पत्ती आणि तिच्या मर्यादा

पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हा शब्द सिद्ध केला आहे. 4.2.87 या सूत्राने कुमुद, नड आणि वेतस या शब्दांपासून कुमुद्वान्, नड्वान्, वेतस्वान् ही रूपे होतात. लगेच पुढील 4.2.88 या सूत्राने नड आणि शाद या दोन शब्दांना ड्वलच् प्रत्यय लागून नड्वल आणि शाद्वल ही रूपे मिळतात. प्रत्ययातील ड हा केवळ खुणेचा वर्ण आहे. त्याच्यामुळे नड शब्दातील अंत्य अकार लोपतो आणि प्रत्यक्षात 'वल' एवढाच अंश उरतो. कृषीवल, रजस्वला या शब्दांत दिसणारा 'वल' याच घाटाचा असला तरी त्याचे विधान पाणिनीने पाचव्या अध्यायात स्वतंत्रपणे केले आहे. दोन प्रत्ययांचे बाह्य रूप सारखे असूनही त्याने ते वेगळे ठेवले, याला कारण आहे. नड्वल हा शब्द ज्या प्रकरणात येतो ते प्रकरण स्थलनामांचे आहे.

4.2.67 ते 4.2.70 या चार सूत्रांनी चार अर्थ सांगितले आहेत. एखादी वस्तू त्या देशात आहे, एखाद्याने तो देश वसविला आहे, कोणाचा तेथे निवास आहे, किंवा तो देश कशाच्या तरी जवळ आहे, या कारणांनी देशाला पडलेले नाव या प्रकरणात सिद्ध होते. पहिल्या सूत्रात 'त्या नावाचा देश' अशी स्पष्ट अट आहे. म्हणजे पाणिनीच्या दृष्टीने नड्वल हे आधी नाव आहे, वर्णन नंतर. गावाच्या शिवाराला लोक जसे 'बोराटीचा माळ' म्हणतात आणि बोरी तोडल्या गेल्या तरी तसेच म्हणत राहतात, त्या जातीची ही नावे होत. वासुदेव शरण अग्रवाल यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाणिनीविषयक ग्रंथात अष्टाध्यायीतील स्थलनामांचा सविस्तर परामर्श घेतला आहे, आणि या प्रकरणाचे भौगोलिक मोल तेव्हापासून अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. मात्र भौगोलिक दृष्टीने पाहताना लक्ष 'कोठे' या प्रश्नाकडे जाते. 'कशावरून' हा प्रश्न मागे पडतो. येथे नाव पडले आहे ते तृणावरून. पाणी, चिखल, ओल यांपैकी कशाचाही उच्चार सूत्रात नाही.

जोडीचा शाद्वल हा शब्द या बाबतीत बोलका आहे. शाद म्हणजे कोवळे गवत, आणि शाद म्हणजे चिखलही. अमरसिंहाने आपल्या नानार्थवर्गात हे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. गवत उगवते ती ओल आणि त्या ओलीवर उगवणारे गवत यांना एकच शब्द असणे हे भाषेच्या दृष्टीने आश्चर्याचे नाही. शाद्वलात चिखल मागे पडला आणि हिरवळ उरली. संस्कृतप्रचुर मराठी गद्यात हा शब्द अधूनमधून भेटतो तो केवळ या प्रसन्न अर्थाने. नड्वलाला हे भाग्य लाभले नाही.

स्त्रीलिंगी रूपाचा प्रश्न

या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा जुना उपयोग व्याकरणात नसून यजुर्वेदात आहे. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाच्या संदर्भात निरनिराळ्या देवतांना वा स्थानांना उद्देशून निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांची यादी दिली आहे. तिच्या सोळाव्या मंत्रात सरोवरांसाठी धैवर, स्थिर पाण्यांसाठी दाश, तळ्यांच्या पाण्यांसाठी बैन्द, नड्वलांसाठी शौष्कल, पुढे पैलतीरासाठी मार्गार आणि ऐलतीरासाठी कैवर्त अशी मांडणी आहे. शौष्कल या शब्दाचा अर्थ सुकविलेल्या मासळीवर वा मांसावर उपजीविका करणारा, किंवा ती विकणारा, असा केला जातो. यादीतील ही सर्व माणसे मासेमारीशी व पाण्याकाठच्या जगण्याशी निगडित आहेत, याविषयी फारसा मतभेद संभवत नाही.

येथे नड्वल हा शब्द चतुर्थीच्या अनेकवचनात, स्त्रीलिंगी रूपात आला आहे. कोशकारांनी म्हणून 'नड्वला' असे स्वतंत्र स्त्रीलिंगी नाम कल्पून त्याचा अर्थ 'नडांचे बेट' असा दिला. हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, परंतु तो अपुरा आहे. त्याच मंत्रात नड्वलाच्या आधी येणारी दोन रूपेही स्त्रीलिंगी अनेकवचनी आहेत. तळ्याला वेशन्त असा पुल्लिंगी शब्द असताना येथे मात्र त्यापासून साधलेले स्त्रीलिंगी रूप योजले आहे. याचे सरळ स्पष्टीकरण असे की तिन्ही शब्द विशेषणे असून त्यांचे विशेष्य 'आपः' म्हणजे पाणी हे अध्याहृत आहे. संस्कृतात आपः हा शब्द नित्य स्त्रीलिंगी व अनेकवचनी असतो. तैत्तिरीय संहितेत (7.4.13) विहिरीचे पाणी, डोहाचे पाणी, तळ्याचे पाणी, डबक्याचे पाणी, पावसाचे पाणी अशा जलप्रकारांना आहुती देताना नेमकी अशीच स्त्रीलिंगी अनेकवचनी रूपे येतात. हे साम्य पाहता वाजसनेयी संहितेतील नड्वला म्हणजे नडांनी भरलेली जमीन नव्हे. ती नडांनी भरलेली पाणी होत.

हा भेद किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण त्यामुळे शब्दाचा इतिहास बदलतो. नड्वल हे आरंभापासून एका भूप्रकाराचे नाव होते आणि पाणी त्याला संदर्भाने चिकटले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. यजुर्वेदातील उपयोग याच्या उलट साक्ष देतो. तेथे शब्द पाण्याचे विशेषण आहे. पाणिनीकडे येताना तोच देशाचे नाव होतो. मधल्या काळात पाणी आटले असे नव्हे. पाहणाऱ्याचा पाय पाण्यातून काठावर आला, एवढेच. मंत्रातील यादी मासळीवर जगणाऱ्यांची आहे, त्यांच्या लेखी ते पाणी होते. व्याकरणकाराला गावांची व शिवारांची नावे साधावयाची आहेत, त्याच्या लेखी तो देश आहे. नड पाण्यातही असतो आणि काठावरही, त्यामुळे दोघांनाही तोच शब्द चालला.

नड या तृणाविषयी वैदिक वाङ्मयात अन्यत्रही जे उल्लेख आहेत ते याला पूरक आहेत. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात (8.1.33) दानात मिळालेले बैल सरोवरातून वर आलेल्या नडांसारखे उभे राहिल्याची उपमा आहे. अथर्ववेदात (6.138.5) स्त्रिया चटईसाठी नड दगडाने ठेचतात असा उल्लेख येतो. सूक्त अभिचाराचे आहे, पण उपमा रोजच्या कामातली आहे. म्हणजे नड हा केवळ दिसणारा नव्हता. तो कापला, ठेचला, विणला जात होता. ज्या जागेला नड्वल म्हटले ती कोणाच्या तरी उपयोगाची जागा होती.

अमरसिंहाची मांडणी

अमरकोशाच्या द्वितीय कांडातील भूमिवर्गात हे शब्द ज्या क्रमाने येतात तो क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. सुपीक, क्षारयुक्त, निर्जल अशा जमिनींचे शब्द प्रथम येतात. मरु आणि धन्वन् यांच्या पाठोपाठ खिल आणि अप्रहत हे दोन पर्याय येतात, ज्यांचा अर्थ नांगर न लागलेली जमीन. त्यानंतर लोक, देश, सीमाप्रदेश यांचे शब्द सांगून मग अमरसिंह नड्वान्, नड्वल, कुमुद्वान्, वेतस्वान्, शाद्वल या गटाकडे वळतो. त्याला जोडून पंकिल, अनूप आणि कच्छ येतात. हे शब्द विशेष्याप्रमाणे तिन्ही लिंगांत चालतात असेही तो सांगतो. म्हणजे पाणिनीकडे नाव असलेला शब्द येथे पुन्हा विशेषण झाला आहे.

अधिक महत्त्वाचे असे की नड्वल आणि खिल यांच्यात अंतर आहे. नडांची जमीन अमरसिंहाने पडीक जमिनीत घातली नाही. तिची व्याख्या तेथे काय नाही यावरून केलेली नाही, काय आहे यावरून केली आहे. त्याचप्रमाणे नड्वल आणि अनूप हेही त्याने एकरूप मानलेले नाहीत. अनूप म्हणजे जेथे पाण्याचे प्राचुर्य आहे असा प्रदेश, तर नड्वल म्हणजे जेथे नडाचे प्राचुर्य आहे असा. पंकिलात चिखल आहे. तीन शेजारी शब्द तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. 'दलदल' या एका मराठी शब्दाने तिघांनाही झाकणे म्हणजे कोशकाराने काळजीने काढलेल्या रेषा पुसणे होय.

अनूप या शब्दाचा व्याप अर्थातच फार मोठा आहे. आयुर्वेदाने जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार मानले आणि त्यांवर आहार, औषधी व रोग यांची सर्व व्यवस्था उभारली. फ्रान्सिस झिमरमन यांनी 1982 मध्ये फ्रेंचमध्ये आणि 1987 मध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या द्वंद्वाचे विवेचन केले आहे. जांगल म्हणजे मूळचा कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आज 'जंगल' म्हणताच दाट अरण्य डोळ्यांसमोर येते, हा अर्थबदल त्यामुळे सर्वपरिचित झाला. अनूप हे प्रदेशनाम म्हणूनही रुळले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातील नाशिकच्या लेखात गौतमीपुत्राच्या अधिकाराखालील प्रदेशांत अनूप येतो, रुद्रदामनाच्या जुनागढ लेखातही येतो. नड्वलाला अशी राजकीय प्रतिष्ठा कधीच मिळाली नाही. तो शिवाराच्या पातळीवर राहिला.

कालिदासाचा हत्ती

काव्यात मात्र हा शब्द एकदा फार नेमक्या जागी आला आहे. रघुवंशाच्या अठराव्या सर्गात कालिदास रघुकुलातील उत्तरकालीन राजांची मालिका वेगाने सांगत जातो. निषधाचा पुत्र नल हा त्यांतील एक. (दमयंतीचा नल तो नव्हे. निषध हे नाव दोन्हीकडे असल्याने येथे गोंधळ होतो.) हत्तीने नड्वले तुडवावीत त्याप्रमाणे या राजाने शत्रूंची सैन्ये तुडविली, अशी उपमा पाचव्या श्लोकात आहे.

सर्गाचा एकंदर सूर शब्दचमत्कृतीचा आहे आणि रसिकांनी त्याला फारसे उचलून धरलेले नाही. श्लोकागणिक एक राजा आणि त्याच्या नावावर एक कोटी, अशी ही रचना काही ठिकाणी कंटाळवाणी होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रस्तुत उपमेत केवळ अनुप्रास आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ड आणि ल यांत अभेद मानण्याचा संकेत लक्षात घेतला की नल म्हणजेच नड. ज्याचे नावच नड तो राजा शत्रूंना नडांप्रमाणे चिरडतो. अग्नीचा वाचक अनल, राजाचे नाव नल, सैन्यांना लावलेले नड्वल आणि मुखाला लावलेले नलिन अशी ध्वनींची साखळी श्लोकभर आहे. नलिन हेही पाण्यातलेच. त्यामुळे पाणथळ परिसर श्लोकात आरंभी आणि शेवटी दोन्हीकडे उपस्थित आहे. नपुंसकलिंगी अनेकवचनाची निवडही सहेतुक दिसते, कारण सैन्यवाचक 'बल' शब्दाचे त्याच विभक्तीतील रूप नड्वलाच्या रूपाशी यमकासारखे जुळते. नड्वलात 'बल' ऐकू येते, आणि तेच पायाखाली जाते.

येथे 'दलदल' हे भाषांतर सपशेल फसते. हत्ती दलदल तुडवीत नाही, दलदलीत रुततो. संस्कृत काव्यपरंपरेत चिखलात रुतलेला हत्ती हे असहायतेचे चित्र आहे. कालिदासाला अभिप्रेत आहे ते याच्या उलट. दाट उभे, माणसाच्या उंचीवर जाणारे, भाल्यांच्या रांगांसारखे दिसणारे आणि आतून पोकळ असे नड कडाकड मोडत जाणारा हत्ती त्याने दाखविला आहे. उपमेचा प्राण त्या पोकळपणात आणि उभेपणात आहे. जमीन ओली आहे की नाही हा प्रश्न श्लोकात उद्भवतच नाही.

पुराणांतील नड्वला या संदर्भात ओझरती पाहण्याजोगी आहे. विष्णुपुराण आणि भागवत दोन्हींत ती चाक्षुष मनूची पत्नी. तिच्या पुत्रापासून अंग, अंगापासून वेन आणि वेनाच्या देहमंथनातून पृथू असा क्रम येतो. पृथू म्हणजे ज्याने धनुष्याच्या टोकाने उंचवटे दूर करून पृथ्वी सपाट केली आणि शेतीला योग्य केली तो राजा. जमिनीला समतल करणाऱ्याची खापरपणजी नडांच्या बेटाचे नाव धारण करते, यात पुराणकारांचा हेतू होता असे सिद्ध करणे शक्य नाही. वंशावळीतील नावे अनेकदा केवळ जागा भरण्यासाठी असतात. तरीही ही नोंद पुसून टाकण्याचे कारण नाही.

मराठीतील शेजार

नड शब्द मराठीत आला तो 'नळ' होऊन. गुड-गूळ, तडाग-तळे या जोड्यांत जो ध्वनिबदल दिसतो तोच येथे आहे. अमरसिंहाने नडाला 'धमन' म्हणजे फुंकण्याचे साधन असा पर्याय दिला आहे. कांड्याच्या पोकळीकडे लक्ष तेव्हापासूनच होते. मराठीने ती पोकळीच ठेवली आणि तृण सोडले. नळ, नळी, नळकांडे या शब्दांत वनस्पती उरलेली नाही. पाण्यात उभा राहणारा नड आज घरोघर पाणी आणणारा नळ झाला आहे, आणि मूळ तृणासाठी मराठी माणूस बोरू म्हणतो. तो शब्दही लेखणीच्या आठवणीने अधिक ओळखीचा आहे.

ओल्या जमिनीचे मराठी शब्द तपासले असता प्रत्येकामागे एक वेगळा माणूस उभा दिसतो. 'दलदल' हा चालणाऱ्याच्या पायाचा शब्द आहे. 'चिबड' हा शेतकऱ्याचा, पाणी मुरून पीक कुजणाऱ्या रानाविषयीच्या तक्रारीचा. उसाच्या पट्ट्यात तो आजही रोज ऐकू येतो. 'खाजण' कोकण-गोव्याचा, भरतीचे खारे पाणी आणि त्याला घातलेला बांध यांचा. 'पाणथळ' हा यांत सर्वांत तटस्थ, आणि म्हणूनच शासनव्यवहाराने तो उचलला. बोरू वा लव्हाळा कापणाऱ्याच्या, त्याच्या चटया विणणाऱ्याच्या दृष्टीने जमिनीला पडलेले एकशब्दी नाव मात्र प्रमाण मराठीत रुळलेले नाही. तुकारामांच्या अभंगामुळे लव्हाळा प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण तो नम्रतेचे प्रतीक म्हणून. तो जेथे उगवतो त्या जागेविषयी कोणी बोलत नाही.

या उणिवेचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत. भारत सरकारच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत जलमय व दलदलीची जमीन हा पडीक जमिनीचाच एक वर्ग आहे. अमरसिंहाने ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या त्या येथे एकत्र झाल्या. दुसरीकडे 2017 च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांनी अशा जागांना संरक्षण देऊ केले, परंतु नदीपात्रे, भातशेते आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मीठ यांसारख्या प्रयोजनांनी बांधलेले जलाशय त्यातून वगळले. नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले क्षेत्र. 2020 मध्ये ते रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले आणि तो मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. माणसाने घातलेल्या बंधाऱ्याने निर्माण केलेली ही जागा पक्ष्यांमुळे आणि पाणवनस्पतींमुळे ओळखली गेली. कोणी बांधली यावरून तिचे मोल ठरले नाही.

पाण्यावर आधारलेल्या नावाची अडचण अशी की पाणी ऋतूनुसार येते-जाते. वैशाखात कोरडी दिसणारी जागा पाणथळ कशी, असा युक्तिवाद मग करता येतो. तृणावर आधारलेल्या नावाला ही अडचण नाही. नड वा पाणकणीस उभे असेल तर मुळाशी ओल आहे, पाणी दिसो वा न दिसो. पाणथळ जागांच्या सीमा ठरविताना परिस्थितिशास्त्रज्ञ पाण्याबरोबर मृदा आणि वनस्पती याही कसोट्या लावतात, ते याच कारणाने. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाच्या सीमेवर लावावयाच्या वनस्पतींत शर या तृणाचा समावेश आहे, सीमा नष्ट होऊ नये म्हणून. तृणाची साक्ष ग्राह्य धरण्याची ही पद्धत जुनी आहे. अर्थात नड्वल हा संस्कृत शब्द उचलून शासकीय परिभाषेत बसवावा, असा याचा अर्थ नव्हे. परिभाषानिर्मितीच्या नावाखाली मराठीत आणलेल्या अनेक तत्सम शब्दांची जी गत झाली तीच याचीही होईल.

अनुवादापुरता प्रश्न सोपा आहे. 'उसाचे रान' या धर्तीवर रघुवंशातील उपमेत 'बोरूचे रान' म्हणता येईल. हत्ती, मोडणारी कांडी आणि सैन्य तिन्ही त्यात मावतात. अमरकोशाच्या भाषांतरात डोंगराळ, खडकाळ यांसारखे एक विशेषण हवे होते, ते नसल्याने 'बोरू माजलेली (जमीन)' एवढ्यावर भागवावे लागेल, आणि शेजारच्या अनूपासाठी 'पाणथळ', पंकिलासाठी 'चिखलट' राखून ठेवावे लागेल. वाजसनेयी संहितेतील मंत्रात मात्र जमीन आणू नये. तेथे 'बोरूतली पाणी' असेच म्हणावे, आणि त्या पाण्यांपाशी सुक्या मासळीवर जगणारा माणूस उभा आहे हे वाचकाला दिसू द्यावे.